सासऱ्यांच्या नाकात एमआरएसए निघाला, आता नात त्यांच्याजवळ द्यायची की नाही?

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देते.

"ताई, मी मूळची सांगलीची, लग्नानंतर सात वर्षं पेन्सिल्वेनियात आहे, नवरा इथलाच. सासरे ७६ वर्षांचे, व्हिएतनाममध्ये होते, आता आमच्याकडेच राहतात. त्यांना डायबेटिस आहे. माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात, म्हणजे व्हीएमध्ये, त्यांचं गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलंय. मागच्या महिन्यात ते न्यूमोनियासाठी तिथे चार दिवस अॅडमिट होते, तेव्हा नाकातला स्वॅब घेतला आणि त्यात एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा जंतू, पॉझिटिव्ह आला. लगेच दारावर पाटी लागली, येणारी प्रत्येक नर्स पिवळा गाऊन नि ग्लोव्हज घालून यायला लागली. घरी आल्यापासून ते गप्प आहेत, आमच्या आठ महिन्यांच्या मुलीला उचलून घेत नाहीत. माझी आई पुढच्या महिन्यात येतेय, ती फोनवर म्हणते त्यांची ताटवाटी वेगळी ठेव, बाळाला जवळ देऊ नकोस, आणि सरकारी दवाखान्यात कशाला नेता, तिथेच लागलं असणार. ती तिकडून अँटिबायोटिक घेऊन येते म्हणतेय. नवरा म्हणतो काही होत नाही. मला रात्री झोप येत नाही. काय करू? – एक सून, पेन्सिल्वेनिया"

अगं, आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते म्हणजे आज रात्री तरी नीट झोपशील. बाळाला आजोबांकडे दे. आजच दे. हात धुवायला सांग, आणि दे.

आता सविस्तर लिहिते, कारण नुसतं "काही होत नाही" म्हटल्याने तुझी भीती जाणार नाही हे मला कळतं. मी एकतीस वर्षं पुण्यात हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम केलंय, हा जंतू मी रोज प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीवर, बघितलाय. स्टॅफिलोकोकस ऑरियस, आम्ही नुसतं स्टॅफ म्हणायचो. मायक्रोस्कोपखाली द्राक्षाच्या घडासारखा दिसतो म्हणून ते नाव, आणि प्लेटवर सोनेरी पिवळट वाढतो म्हणून ऑरियस. साधारण तीन माणसांमागे एकाच्या नाकात तो असतो, तुझ्या असेल, माझ्या असेल, काही करत नाही, बसून राहतो. त्यातलाच जो मेथिसिलिनच्या जातीच्या औषधांना दाद देत नाही तो एमआरएसए. लॅबमध्ये कसं कळतं, तर प्लेटवर जंतू पसरून त्यावर सेफॉक्सिटिन औषधाची छोटी चकती ठेवायची आणि रात्रभर उबवायचं, साधा स्टॅफ असेल तर सकाळी चकतीभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ दिसतं, आणि एमआरएसए असेल तर तो चकतीला भिडूनच वाढलेला असतो. ते बघितलं की लगेच वॉर्डला फोन करायचा.

पण "नाकात आहे" आणि "इन्फेक्शन झालंय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या घरात सगळा गोंधळ इथेच झालाय असं वाटतंय. तुझ्या सासऱ्यांना एमआरएसएचा आजार झालेला नाही. तो त्यांच्या नाकात राहायला आलाय इतकंच. आजार केव्हा, तर कातडीला जखम झाली, कॅथेटर घातला, शिरेत नळी टाकली, ऑपरेशनचा छेद घेतला आणि तो आत शिरला तर. म्हणून काळजी घ्यायची ती त्याच्या आत शिरायच्या या वाटांची. माणसाला घरात कोपऱ्यात बसवायची गरज नाही.

आता आईचं म्हणणं, की सरकारी दवाखान्यातच लागलं असणार. कुठे लागलं ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण तुझ्या पत्रावरून दिसतंय की स्वॅब त्या अॅडमिशनमध्येच घेतला, आणि व्हीएत तो बहुतेक आल्या आल्याच घेतात, म्हणजे ते आत येतानाच घेऊन आले असण्याची शक्यता जास्त. व्हीएच्या हॉस्पिटलांत हे मोजलेलं आहे, २००७ ते २०१० या काळात अॅडमिट होणाऱ्या माजी सैनिकांपैकी सरासरी १३.६ टक्के लोक येतानाच पॉझिटिव्ह होते. साधारण सातातला एक. एकूण अमेरिकेत हेच प्रमाण शंभरात दोनच्या आसपास धरतात. मग सैनिकांमध्येच इतकं का, तर वय झालेलं असतं, डायबेटिस असतो, डायलिसिस, पायाच्या न भरणाऱ्या जखमा, हॉस्पिटल नि नर्सिंग होमच्या सारख्या फेऱ्या, आणि आयुष्यात कितीतरी वेळा घेतलेले अँटिबायोटिक्स. आणि हो, व्हिएतनाममधून आणलं असेल का असं तुझ्या नवऱ्याच्या मनात असेल तर ते काढून टाकायला सांग, पन्नास वर्षांपूर्वीचा जंतू आज नाकात सापडत नाही, तो येतो जातो, बदलतो.

मला मुद्दाम सांगायचंय ते पुढेच आहे. ज्या हॉस्पिटलला तुझी आई नावं ठेवतेय, त्यांनी एमआरएसएच्या बाबतीत जे करून दाखवलंय ते जगात फार थोड्यांना जमलंय. आणि त्याची सुरुवात तुझ्याच राज्यात झाली, पिट्सबर्गच्या व्हीएमध्ये, २००१ साली, आधी ऑपरेशननंतरच्या पेशंट्सच्या एका वॉर्डात. तिथे जमलं म्हणून ऑक्टोबर २००७ पासून देशभरातल्या व्हीए हॉस्पिटलांत सुरू केलं. त्यात चारच गोष्टी होत्या: येणाऱ्या प्रत्येकाचा नाकातला स्वॅब, पॉझिटिव्ह असेल त्याच्याजवळ जाताना गाऊन नि ग्लोव्हज, प्रत्येक वेळी हात स्वच्छ करणं, आणि हे काम फक्त इन्फेक्शन कंट्रोलच्या नर्सचं नाही तर झाडूपोछा करणाऱ्यापासून सर्जनपर्यंत सगळ्यांचं आहे ही सवय लावणं. शेवटची गोष्ट ऐकायला सोपी वाटते पण मी सांगते तुला, तीच सगळ्यात अवघड आहे, मोठ्या डॉक्टरला "सर, हात धुतले का" असं विचारायची हिंमत वॉर्डबॉयला यायला वर्षं लागतात.

जून २०१० पर्यंत काय झालं, तर आयसीयूत हॉस्पिटलमध्ये लागणारी एमआरएसएची इन्फेक्शन्स ६२ टक्क्यांनी कमी झाली. बाकी वॉर्डांत ४५ टक्क्यांनी. आणि हे एखाद दोन वर्षांचं कौतुक नव्हतं, कारण नंतर सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०१९ मध्ये १३० व्हीए हॉस्पिटलांचा २००५ ते २०१७ चा हिशोब मांडला, त्यात एमआरएसएची एकूण इन्फेक्शन्स ५५ टक्क्यांनी खाली आलेली होती, हॉस्पिटलात असताना होणारी तर ६६ टक्क्यांनी.

आता एक आकडा मला फार बोलका वाटतो. याच काळात साधा स्टॅफ, म्हणजे औषधाला दाद देणारा, तो फक्त १२ टक्क्यांनी कमी झाला. विचार कर, नुसती सलाईनची नळी नीट घालायला लागले, जखमा नीट बांधायला लागले एवढंच असतं तर दोन्ही सारखेच कमी झाले असते ना. एमआरएसए इतका जास्त खाली आला त्याअर्थी एकाकडून दुसऱ्याकडे जाणं थांबवल्याचा त्यात मोठा वाटा आहे. आणि त्याच हिशोबात हेही दिसतं की जे पेशंट येताना निगेटिव्ह होते त्यांच्यातली इन्फेक्शन्स दरवर्षी ९.७ टक्क्यांनी घटली, जे येतानाच पॉझिटिव्ह होते त्यांच्यात ४.२ टक्क्यांनी. म्हणजे तो स्वॅब, ती पाटी, तो पिवळा गाऊन, हे सगळं मुख्यतः शेजारच्या बेडवरच्या माणसासाठी असतं.

हे तुझ्या सासऱ्यांना सांग. मनापासून सांगते, हे त्यांना कुणीतरी नीट बसून सांगायला हवं होतं आणि बहुतेक कुणी सांगितलं नाही. त्या पिवळ्या गाऊनमुळे त्यांना वाटलं असणार की आपण घाण झालो, आपल्याला हात लावायला लोक घाबरतात. व्हिएतनामहून परत आलेल्या कितीतरी पोरांना आपल्याच देशात तोंड फिरवलेलं बघावं लागलं, त्या पिढीच्या माणसाला दारावर पाटी लागल्यावर काय वाटत असेल. त्यांना म्हण, बाबा, ती पाटी तुमच्या शेजारच्या वॉर्डात जो दुसरा सैनिक झोपला होता त्याच्यासाठी होती. आपल्या माणसासाठी पहारा द्यायचा म्हणजे काय हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

खरं बोलायचं तर स्वॅब आणि गाऊनवरून जाणकारांमध्ये वादही आहेत, ते लपवत नाही. व्हीएचा तो ६२ टक्क्यांचा अभ्यास २०११ मध्ये ज्या मेडिकल जर्नलच्या अंकात आला त्याच अंकात दुसऱ्या हॉस्पिटलांच्या आयसीयूंचा एक अभ्यास होता, त्यात स्वॅब करून, गाऊन घालून काहीच फरक पडला नव्हता. पण तिथे स्वॅबचा रिपोर्ट यायलाच सरासरी पाच दिवस लागत होते आणि गाऊन, हात धुणं हेही सगळे नीट पाळत नव्हते. मला यातून इतकंच दिसतं की रिपोर्ट वेळेवर आणि माणसं मनावर घेणारी, दोन्ही असलं तरच हे चालतं. लॅबवाली म्हणून मला ते पाच दिवस वाचून फार वाईट वाटलं होतं. आणि हे एकदा केलं की संपलं असंही नाही, कोविडच्या पहिल्या वर्षात, २०२० मध्ये, सगळ्यांची धावपळ झाली तेव्हा अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत लागणारा एमआरएसए पुन्हा १३ टक्क्यांनी वाढला.

पाटी लागलेल्या खोलीत नर्स नि डॉक्टर थोड्या कमी वेळा डोकावतात, हेही अभ्यासात दिसलेलं आहे. दर वेळी गाऊन चढवायचा म्हणजे वेळ जातो, माणूस आहे शेवटी. म्हणून ऑपरेशनच्या वेळी तुमच्यापैकी कुणीतरी त्यांच्यापाशी बसा. पाणी हवंय का, उठायचंय का, दुखतंय का, हे बघणारं घरचं माणूस हवं. ही गोष्ट मी प्रत्येक घराला सांगते.

आता ऑपरेशनचं. इथे मात्र तू सावध राहिलीस तर फार फायदा आहे, कारण गुडघ्यात धातूचा सांधा बसवणार आणि त्यावर एमआरएसए चिकटला तर काढणं महाकठीण, कधीकधी बसवलेला सांधा परत काढावा लागतो. म्हणून सर्जनकडे जाताना हे कागदावर लिहून घेऊन जा. एक, स्वॅब पॉझिटिव्ह आहे हे सर्जनच्या टीमला माहिती आहे का, कारण न्यूमोनियाचा वॉर्ड वेगळा नि हाडांचा विभाग वेगळा, कॉम्प्युटरवर असलं तरी तोंडाने सांगायचंच. दोन, ऑपरेशनआधी जंतू घालवायचा उपाय देणार का. त्यात बहुधा म्युपिरोसिन नावाचं मलम दोन्ही नाकपुड्यांत दिवसातून दोनदा पाच दिवस लावायचं आणि रोज क्लोरहेक्सिडिनच्या साबणाने अंघोळ. हा साबण डोळ्यात नि कानात जाऊ द्यायचा नाही, आणि त्यानंतर वर दुसरा साबण किंवा लोशन चोपडायचं नाही, नाहीतर त्याचा उपयोगच जातो. बरेच लोक अंगाला सवयीने लोशन लावतात आणि तिथेच चुकतं. तीन, ऑपरेशनआधी जे अँटिबायोटिक देतात त्यात व्हॅन्कोमायसिन घालणार का, कारण नेहमीचं सेफॅझोलिन एमआरएसएवर चालत नाही, आणि व्हॅन्कोमायसिन हळूहळू तासाभराहून जास्त वेळ घेत द्यावं लागतं, म्हणजे ते छेद घेण्याच्या बरंच आधी सुरू व्हायला हवं. विचारायला संकोच करू नकोस, चांगला सर्जन चिडत नाही. चार, साखर. ऑपरेशनआधी साखर आटोक्यात आणणं हे या सगळ्या मलमांइतकंच महत्त्वाचं आहे, आणि त्यासाठी तारीख महिनाभर पुढे गेली तरी जाऊ दे.

अजून एक. व्हिएतनामच्या बऱ्याच सैनिकांना डिप्रेशनसाठी किंवा झोपेतून दचकून उठण्यासाठी सर्ट्रालिनसारख्या गोळ्या चालू असतात. सासऱ्यांना असतील तर पुढे कधी एमआरएसएचं औषध द्यायची वेळ आली तेव्हा ते आठवणीने सांगायचं, कारण लिनेझोलिड नावाचं औषध आणि या गोळ्या एकत्र आल्या तर त्रास होऊ शकतो. त्यांच्या सगळ्या गोळ्यांची यादी पाकिटात ठेव.

तसंच हॉस्पिटलच्या इन्फेक्शन प्रिव्हेन्शनच्या माणसाला भेटायचं असं सांग. २००७ चा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा व्हीएच्या प्रत्येक हॉस्पिटलात या एका कामासाठी खास माणूस नेमला होता. त्यांना हेही विचार की पुढे काही महिने घरी जंतू घालवायचा उपाय चालू ठेवायचा का. २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास आला, दोन हजारांवर एमआरएसए असलेले पेशंट, त्यातल्या साधारण निम्म्यांना हॉस्पिटलमधून घरी गेल्यावर सहा महिने, महिन्यातून दोनदा पाच पाच दिवस नाकाचं मलम, औषधी अंघोळ आणि तोंड धुण्याचं औषध, आणि वर्षभरात त्यांच्यात एमआरएसएची इन्फेक्शन्स बाकीच्यांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी झाली. सगळ्यांना लागेलच असं नाही, पण डायबेटिस आणि नवीन सांधा असलेल्या माणसासाठी विचारायला हरकत नाही.

घरात काय करायचं ते अगदी साधं आहे. ताटवाटी वेगळी नको, ताटावाटीने हा जंतू फिरत नाही. टॉवेल, दाढीचं ब्लेड, नेलकटर मात्र ज्याचं त्याचं. नाकाला हात लागला, शिंकरलं, की हात धुवायचे, सॅनिटायझरही चालतं. कुठे कापलं, खरचटलं तर झाकायचं. कपडे नेहमीच्या साबणात धुवून पूर्ण वाळवायचे. बाळाला उचलायच्या आधी हात धुतले की झालं, मांडीवर घ्या, पापा घ्या. बाळाच्या डॉक्टरला पुढच्या वेळी एका वाक्यात सांगून ठेव की घरात एमआरएसएचा कॅरियर आहे, आणि डायपरच्या जागी किंवा कुठेही लाल, गरम, पू धरणारं गळू दिसलं तर लगेच दाखव. घरातल्या सगळ्यांचे स्वॅब करायची गरज सहसा नसते, कुणाला सारखी सारखी गळवं होत असतील तर वेगळं.

सासऱ्यांच्या बाबतीत रोज रात्री त्यांचे पाय बघ, तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा. डायबेटिसच्या माणसाला पायाला लागलेलं कळतच नाही. कुठे लाल झालं, सुजलं, "कोळी चावला वाटतं" असं वाटणारा फोड आला, तर तो फोडायचा नाही, दाबायचा नाही, दाखवायचा. थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही.

हे मी नुसतं लॅबमध्ये बसून सांगत नाहीये. माझ्या सासूबाईंना शेवटच्या आजारपणात पाठीवर बेडसोअर झाला होता, त्यात एमआरएसएच निघाला, रिपोर्ट माझ्याच हातात आला. दोन महिने घरी मी ड्रेसिंग केलं, ग्लोव्हज, स्वच्छ हात, वापरलेलं ड्रेसिंग पिशवीत बांधून. मुलगी तेव्हा दहावीला होती, रोज संध्याकाळी आजीच्या पायाशी बसून अभ्यास करायची. कुणालाही काही झालं नाही. आणि ती त्या दोन महिन्यांत आजीपासून लांब राहिली असती तर ते मला आजही सलत राहिलं असतं.

राहिली आई. तिच्यावर रागावू नकोस, तिची भीती नातीपोटी आहे. पण तिला दोन गोष्टी सांग. हा काही अमेरिकेचा रोग नाही, आपल्याकडे २००८ नि २००९ मध्ये देशातल्या मोठ्या हॉस्पिटलांनी मिळून तपासलं तेव्हा स्टॅफच्या नमुन्यांपैकी ४० टक्क्यांच्या वर एमआरएसए निघाला होता. आणि त्याला कारण बऱ्याच अंशी आपल्या घराघरातला तो गोळ्यांचा डबा आहे, सर्दी झाली की अॅझिथ्रोमायसिन, घसा धरला की ऑगमेंटिन, दोन दिवसांत बरं वाटलं की बंद, उरलेल्या शेजारच्या काकूंना. अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहेच, २०१४ पासून त्यातल्या कितीतरी औषधांसाठी नियम आणखी कडक झाले, पाकिटावर लाल पट्टीही असते, तरी मिळतात, मला माहितीय. ऑगमेंटिन एमआरएसएवर चालतच नाही. शिवाय सासऱ्यांना आत्ता कुठल्याच पोटातल्या अँटिबायोटिकची गरज नाही, नाकात नुसता बसलेला जंतू घालवायला या गोळ्या देत नाहीत. दिल्या तर बाकीचे साधे जंतू मरतील आणि एमआरएसएला जागा रिकामी मिळेल.

म्हणून आईला म्हण, बॅगेत मेतकूट आण, भडंग आण, नातीला झबली आण, अँटिबायोटिक एकही नको. ती आल्यावर पहिल्याच दिवशी तिच्यादेखत बाळाला आजोबांच्या मांडीवर ठेव, आईने डोळ्यांनी बघितलं की निम्मं काम होईल. आणि सर्जनने व्हॅन्कोमायसिनबद्दल काय सांगितलं ते मला लिही, काही अडलं तर ऑपरेशनच्या आधी लिही, नंतर नाही.